पर्ल आणि राकूचं नाव चारचौघांत कसं न्यावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकमध्ये पर्ल आणि राकू या प्रोग्रामिंग भाषा वापरणाऱ्या मुलामुलींचा एक छोटा गट आहे. काही जण नोकरीत आहेत, काही अजून शेवटच्या वर्षाला. आपण काय वापरतो हे सांगितलं की समोरून ठरलेला सवाल येतो: ‘ते अजून वापरतं का कुणी?’ गटाने पोस्टरं, टी-शर्ट, कॉलेजांत सेमिनार, रील असं बरंच काही योजलं आहे. यातलं काय उपयोगी पडेल आणि सुरुवात कुठून करावी, असं त्यांनी विचारलं आहे.

मी सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांसाठी सर्व्हर सांभाळण्याची आणि रिपोर्टांची कामं करतो. त्यातलं बरंचसं पर्लमध्ये आहे आणि रोज रात्री निमूट चालतं. त्या अनुभवावरून माझं मत सांगतो. भाषेच्या प्रचाराला निघू नका. गावात कुणाचं तरी अडलेलं एखादं काम शोधा, ते या भाषेत पुरं करा, फुकट वाटा आणि त्यावर भाषेचं नाव ठळक लिहा. पर्लची गोची हीच आहे की काम सगळीकडे झालंय आणि नाव कुठेच लागलेलं नाही.

उदाहरणं हाताशीच आहेत. ज्याच्या लॅपटॉपवर विंडोजसाठीचं गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) आहे, त्याच्याकडे पर्ल आपोआप आलेलं असतं. गिट बॅश उघडून व्हर्जन विचारा, आकडा दिसेल. डेबियन आणि उबुंटू या लिनक्स प्रणालींत पर्लचा गाभा अत्यावश्यक पॅकेजांत मोडतो. लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, पॅच (कोडची दुरुस्ती) पाठवण्याआधी जी तपासणीची स्क्रिप्ट चालवायची पद्धत आहे, ती पर्लमध्ये आहे. फोटोतली तारीख, कॅमेरा, ठिकाण वाचणारं एक्झिफटूल फिल हार्वे यांनी पर्लमध्ये लिहिलं. लेटेक या मजकूर-मांडणीच्या प्रणालीत प्रबंध करणाऱ्यांचं लेटेकएमके पर्लमध्ये, संदर्भसूची लावणारं बायबरही पर्लमध्ये. फिलिप हेझेल यांनी १९९७ साली पर्लसारख्या रेग्युलर एक्स्प्रेशनसाठी (मजकुरात हवं ते शोधायच्या पॅटर्नसाठी) पीसीआरई ही लायब्ररी लिहिली. पीएचपी आजही त्याच घराण्यातल्या लायब्ररीवर पॅटर्न जुळवतं. तुमच्या वर्गातल्या ज्या मुलाने ‘पर्ल कोण वापरतं’ असं विचारलं, त्याने त्याच दिवशी त्या पद्धतीचा पॅटर्न लिहिलेला असण्याचीच शक्यता जास्त.

आता ‘मेली आहे का’ या वादाबद्दल. त्यात उतरूच नका. ‘पर्ल मेलेली नाही’ असं पोस्टरवर छापलंत की वाचणाऱ्याच्या डोक्यात ‘मेलेली’ एवढंच राहतं. लोकप्रियतेच्या याद्यांचंही तेच. टायोबीच्या यादीत २०२५ च्या सप्टेंबरात पर्ल पुन्हा पहिल्या दहात दिसली आणि ओळखीच्या लोकांनी लगेच तो स्क्रीनशॉट फिरवला. ती यादी सर्च इंजिनांवर किती निकाल येतात यावर बेतलेली असते. आज वर गेली म्हणून ढोल वाजवलात, तर उद्या खाली आल्यावर तोच ढोल तुमच्यावर वाजेल.

इतिहास मात्र पाठ असू द्या, कारण कुणी ना कुणी खोचकपणे विचारणारच. लॅरी वॉल यांनी १८ डिसेंबर १९८७ ला पर्लची पहिली आवृत्ती दिली. ते तेव्हा युनिसिसमध्ये होते आणि इकडच्या-तिकडच्या मजकुरातून रिपोर्ट काढणं सोपं व्हावं एवढीच त्यांची मूळ गरज होती. १९९४ मध्ये पर्ल ५ आलं, १९९५ मध्ये सीपॅन, म्हणजे पर्लच्या तयार मॉड्यूलांचं सार्वजनिक भांडार. त्याच सुमारास वेब आलं आणि जगभरच्या हौशी लोकांनी सीजीआय स्क्रिप्टा (वेबपानं तयार करून देणारे छोटे प्रोग्राम) एकमेकांच्या बघून उतरवल्या. ‘लिहिणाऱ्यालाही दुसऱ्या दिवशी कळत नाही’ हा शिक्का तिथून बसला, आणि तो अगदीच खोटा नव्हता.

खरा घोळ पुढे झाला. जुलै २००० मध्ये पर्ल ६ ची घोषणा झाली आणि पहिली स्थिर आवृत्ती यायला २०१५ चा नाताळ उजाडला. मधल्या काळात जुन्या पर्लची ५.८ आवृत्ती २००२ ची आणि ५.१० थेट डिसेंबर २००७ ची. बाहेरच्या माणसाने काय समजावं? सहा येणार म्हणून पाच शिकायचं नाही, आणि सहा काही येत नाही. त्या वर्षांत तो पायथनकडे गेला, रुबीकडे गेला, तिथेच रमला. २०१० च्या ५.१२ पासून पर्लची नवी आवृत्ती दरवर्षी न चुकता येते, पण तोवर बघणारे उठून गेले होते. ऑक्टोबर २०१९ मध्ये पर्ल ६ चं नाव राकू झालं. जून २०२० मध्ये पर्ल ७ ची घोषणा झाली. २०२२ मध्ये भाषेच्या सुकाणू मंडळाने सांगितलं की आकडा तूर्त बदलत नाही, ५.३६, ५.३८ अशीच वाट चालू राहील. माझ्या मते भाषेच्या गुणदोषांपेक्षा या आकड्यांच्या गोंधळाने जास्त नुकसान केलं. कुणी विचारलं तर हे चार वाक्यांत सांगा आणि पुढे चला. वकिली करत बसू नका.

दोन्ही भाषांची ओळख करून देताना त्या बहिणी आहेत एवढं म्हणा. दोघींच्या मागे उभी असलेली संस्था आता पर्ल अँड राकू फाउंडेशन याच नावाने ओळखली जाते. राकू ही ‘पुढची पर्ल’ असं चुकूनही म्हणू नका. त्याने पर्लवाले दुखावतात आणि राकूवर पंधरा वर्षांचं जुनं ओझं पुन्हा चढतं. तुमच्या गटात कुणाला एकच आवडत असेल तर त्याने तीच दाखवावी.

आता कामाकडे येतो, कारण खरा वेळ तिथे घालवायचा आहे.

नाशिकमध्ये लग्नपत्रिका, स्मरणिका, पतसंस्थांचे अहवाल, ज्ञातिसंस्थांच्या वधूवर सूच्या, देवस्थानांची परिपत्रकं हे सगळं वर्षानुवर्षं श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फाँटांमध्ये टाईप झालं. त्या फाइली युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या प्रमाण संकेतात, नाहीत. फाँट काढून घेतला की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला उरतो. शोधता येत नाही, मोबाइलवर वाचता येत नाही, वेबसाइटवर टाकता येत नाही. मग डीटीपीवाला सगळं पुन्हा टाईप करतो किंवा पैसे देऊन करून घेतो. रूपांतर करणारे प्रोग्राम आहेत, त्यातले काही चांगलेही आहेत. पण प्रत्येक फाँटाचा नकाशा निराळा असतो, एकाच घराण्यातल्या दोन फाँटांतही चार चिन्हं सरकलेली असतात, आणि शंभर फाइलींचा फोल्डर एका दमात टाकायची सोय बहुधा नसते. रिपोर्टांच्या मजकुराशी झटण्यासाठी जन्मलेल्या भाषेला याहून चांगलं काम कुठलं?

यातली खरी मेख कुठे आहे ते सांगतो, म्हणजे प्रात्यक्षिकात काय दाखवायचं ते कळेल. कृतिदेवात ‘स्थिती’ हा शब्द घ्या. फाइलीत तो असा साठवलेला असतो: आधी ऱ्हस्व वेलांटी, मग अर्धा स, मग अर्धा थ, मग काना, मग त आणि शेवटी दीर्घ वेलांटी. म्हणजे ज्या क्रमाने डोळ्याला दिसतं त्याच क्रमाने. युनिकोडला उच्चाराचा क्रम लागतो, तिथे वेलांटी ‘स्थ’ च्या नंतर यावी लागते. शिवाय अर्धा थ आणि काना मिळून एक पूर्ण थ होतो, तो काना वेगळा धरला तर पुढे ‘स्था’ उमटतो. म्हणून नकाशातली लांब जोडी आधी आणि सुटं चिन्ह नंतर जुळवावं लागतं. पर्लमध्ये याची जुनी, हातात बसलेली रीत आहे. सगळा नकाशा एका हॅशमध्ये (किल्ली आणि तिची किंमत अशा जोड्यांच्या तक्त्यात) ठेवायचा, त्याच्या किल्ल्या लांबीनुसार उतरत्या क्रमाने लावायच्या, त्यांचा एकच पॅटर्न करायचा आणि एका सबस्टिट्यूशनमध्ये (शोधून बदलायच्या आज्ञेत) सगळी फाइल पालटायची. पाच-सहा ओळींत भागतं.

त्यानंतर वेलांटीची उडी. पॅटर्न शब्दांत सांगायचा तर: वेलांटी, तिच्यामागे हलन्त व्यंजनं शून्य किंवा कितीही, आणि मग एक पूर्ण व्यंजन. हे सापडलं की व्यंजनांचा गठ्ठा पुढे आणायचा, वेलांटी मागे टाकायची. ‘कितीही’ ऐवजी एकच व्यंजन धरलं तर ‘किती’ नीट होतं आणि ‘स्थिती’ फुटते. रफाराचं याच्या उलट. ‘वर्षी’ मध्ये जुना फाँट रफार सगळ्यात शेवटी, दीर्घ वेलांटीच्याही नंतर ठेवतो, आणि युनिकोडला तो ‘ष’ च्या आधी हवा असतो. तेव्हा रफाराने मात्रा ओलांडायची, जोडाक्षर ओलांडायचं आणि मागे जाऊन बसायचं. मोठ्या पडद्यावर हे सबस्टिट्यूशन एकेक करून चालवा. काल्यातून ‘स्थिती’ जुळून येताना प्रेक्षक बघतो, तेव्हा त्याला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणजे काय हे न शिकवता कळतं.

मराठीची खास परीक्षा अजून बाकीच आहे. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ ही जोडी तुमच्या चाचणीच्या फाइलीत पहिली असली पाहिजे. हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेले नकाशे इथे हमखास आपटतात, कारण त्यांच्या गावी ‘आचाऱ्यांना’ मधला हा अर्धचंद्री र नाही. आणि चाचणीचा विषय निघालाच आहे तर सांगतो, पर्लची सगळ्यात कमी बोलली जाणारी बाजू हीच आहे. तुम्ही मॉड्यूल सीपॅनवर चढवलंत की सीपॅन टेस्टर्सचे स्वयंसेवक आपापल्या यंत्रांवर, निरनिराळ्या ऑपरेटिंग सिस्टीमवर आणि पर्लच्या जुन्या-नव्या आवृत्त्यांवर तुमच्या चाचण्या चालवतात आणि निकाल सगळ्यांना दिसतो. डीटीपीवाल्याने ‘हा शब्द तुटतोय’ म्हणून फोन केला की तो शब्द चाचणीत घाला. काही महिन्यांत तुमच्याकडे तुटणाऱ्या मराठी शब्दांची अशी यादी जमेल जी दुसऱ्या कुणाकडे नसेल. पायथनवाले, जावास्क्रिप्टवाले ती यादी मागायला येतील. द्यायची. यादीच्या माथ्यावर तुमच्या प्रकल्पाचं आणि भाषेचं नाव असू द्या म्हणजे झालं.

हे दाखवायला मुहूर्त शोधायची गरज नाही. २७ फेब्रुवारी हा मराठी भाषा गौरव दिन, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, आणि कुसुमाग्रज नाशिकचे. त्या आठवड्यात गावात मराठीवर बोलणारे पुष्कळ असतात, मराठीसाठी चालणारं काहीतरी दाखवणारे थोडे. ‘जुन्या फाँटातली फाइल घेऊन या, युनिकोड करून घेऊन जा’ एवढं एका ओळीचं आमंत्रण पुरे. वार्ताहरालाही बातमी लिहायला सोपी जाते. ‘पर्ल प्रोग्रामिंग भाषेची कार्यशाळा’ या मथळ्याची बातमी कुणी छापणार नाही, आणि का छापावी?

दुसरं काम कांद्याचं. तुम्हाला ठाऊक असेलच की पर्ल फाउंडेशनचं चिन्ह कांदा आहे आणि लॅरी वॉल यांचं वार्षिक भाषण ‘स्टेट ऑफ द अनियन’ या नावाने व्हायचं. बाकी जगात या चिन्हाचा खुलासा करावा लागत असेल. लासलगाव ज्या जिल्ह्यात आहे तिथे तो करायची गरज नाही, फायदा तेवढा घ्या.

बाजारसमित्यांचे रोजचे भाव, म्हणजे आवक, कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण दर, उपलब्ध असतात, पण ते एकसारखे कधीच नसतात. एके ठिकाणी ‘पिंपळगाव बसवंत’, दुसरीकडे ‘पिंपळगाव(ब)’. लासलगाव कुठे एकटं, कुठे निफाड किंवा विंचूर मागे जोडून. कांदा ‘उन्हाळी’, ‘लाल’, ‘पोळ’, आणि टाईप करणाऱ्याच्या मर्जीप्रमाणे त्यांची निरनिराळी रूपं. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या मजकुरात अर्धे आकडे देवनागरी, अर्धे इंग्रजी. हे सगळं एका साच्यात बसवून महिन्याचा आलेख देणारी शंभरेक ओळींची स्क्रिप्ट लिहा आणि एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या ऑफिसात बसवून द्या.

इथे एक खाचखळगा आहे, आणि तो लपवू नका, मुद्दाम दाखवा. पर्लचा अंक ओळखणारा पॅटर्न, बॅकस्लॅश डी, देवनागरी ‘२४००’ ला बरोबर अंक म्हणून पकडतो. पण पकडलेल्या त्या ‘२४००’ ची बेरीज करायला गेलात की पर्ल त्याला शून्य समजतं आणि इशारे चालू असतील तर कुरकुरतं. उपाय एका ओळीचा आहे, ट्रान्सलिटरेशन वापरून शून्य ते नऊ पालटून घ्यायचे. आता हेच राकूत करा. राकू ‘२४००’ थेट आकडा म्हणून घेतं, इतकंच काय, प्रोग्रामच्या आत देवनागरी अंक लिहून बेरीज केली तरी उत्तर देतं. एका टेबलावर दोन बहिणी शेजारी ठेवून हे दाखवलं की दोघींचा स्वभाव आपोआप कळतो. मात्र ही राकूची एकटीची मिरास म्हणून सांगू नका. पायथनही देवनागरी मजकुराचा आकडा करून देतो, आणि प्रेक्षकांत पायथनवाला असणारच.

राकूची दाखवायची चीज म्हणजे अक्षरं मोजणं. ‘नाशिक’ या शब्दात किती अक्षरं? चौथीतला मुलगा तीन म्हणेल: ना, शि, क. पायथनला विचारा, पाच सांगेल, कारण काना आणि वेलांटी तो वेगळी मोजतो. पर्लला फाइल युनिकोडमध्ये आहे हे सांगितलं नसेल तर पंधरा सांगेल, ते बाइट झाले. सांगितलं तर पाच, आणि बॅकस्लॅश एक्स हा पॅटर्न वापरून मोजलं तर तीन. राकू काहीही न सांगता तीन म्हणतं, कारण तिथे मजकुराचा मूळ घटकच वाचणाऱ्याला दिसणारं अक्षर हा आहे. स्विफ्टही असंच मोजतं. ‘त्र्यंबक’ वर मात्र जपून. जोडाक्षर एकत्र धरायचा नियम युनिकोडमध्ये १५.१ या आवृत्तीत, २०२३ साली आला. त्याआधीच्या नियमाने ‘त्र्यंबक’ ची पाच तुकड्यांत मोजणी होते, नव्या नियमाने तीन. तुमच्या यंत्रावरची आवृत्ती कुठल्या नियमाने चालते ते घरी तपासून मगच मंचावर जा.

राकूत शून्य दशांश एक अधिक शून्य दशांश दोन बरोबर शून्य दशांश तीन येतं, हेही चालता चालता दाखवा. हिशेबाच्या लोकांना ते भावतं. पण राकू सुरू व्हायला पर्लपेक्षा वेळ घेतं हे कुणी बोलायच्या आत तुम्हीच बोलून टाका.

कुणाकडे जायचं? बहुतेक जण कॉलेजात कॉम्प्युटरच्या विभागाकडे धाव घेतात. माझा सल्ला निराळा आहे. इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशनच्या विभागाकडे जा. चिपच्या डिझाइनचं काम करणाऱ्या कंपन्यांत टूल चालवणं, लॉग चाळणं, रिपोर्ट काढणं यासाठी पर्ल आणि टीसीएल ही दुसरी स्क्रिप्टची भाषा वर्षानुवर्षं वापरात आहेत आणि मुलाखतीत त्यावर प्रश्न येतात. त्या मुलांना पर्ल म्हणजे उपयोगाची गोष्ट आहे, कॉम्प्युटरच्या मुलांना ती जुनी गंमत आहे. तसंच बायोटेक्नॉलॉजीवाल्यांकडे. जनुकांच्या माहितीसाठी जगभर वापरलं जाणारं एन्सेम्बल, त्याची पर्लमधली लायब्ररी आणि जनुकीय बदलांचा परिणाम सांगणारं त्यांचं साधन ही दाखवण्याजोगी उदाहरणं आहेत. अभ्यासक्रमात भाषा घालून घ्यायच्या मागे तूर्त लागू नका. इथली बहुतेक अभियांत्रिकी कॉलेजं पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठाला जोडलेली आहेत, अभ्यासक्रम तिथल्या मंडळात ठरतो आणि त्या अर्जफाट्यात तुमच्या गटाची उमेद संपेल.

नोकरीचं विचारतील तेव्हा खरं सांगा. फक्त पर्ल येतं म्हणून नाशिकमध्ये सहजी नोकरी मिळत नाही. दुसरं काही येत असताना पर्लही येतं, याचा उपयोग होतो. हे न सांगता सेमिनार घेतलात तर सहा महिन्यांनी तीच मुलं तुमच्याविरुद्ध बोलतील.

फोटोग्राफर हा आणखी एक वर्ग. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. पाच जणांचे पाच कॅमेरे, एकाचं घड्याळ वीस मिनिटं पुढे, एकाचं अजून मागच्या देशातल्या वेळेवर. सगळे फोटो वेळेनुसार लावायचे म्हटले की डोक्याला ताप. एक्झिफटूलच्या एका आज्ञेत एका कॅमेऱ्याच्या सगळ्या फोटोंची वेळ हवी तेवढी पुढेमागे होते. हे अर्ध्या तासात शिकवून होतं. शेवटी ‘हे पर्लमध्ये लिहिलंय’ असं एकच वाक्य बोला.

सेमिनार घ्यायचाच असेल तर पडद्यावर कुठला कोड लावता याला फार महत्त्व आहे. आपल्यातल्या हुशार लोकांना एका ओळीत सगळं बसवून टाळ्या घ्यायची खोड असते. ती एक ओळ बघून नवखा मनातल्या मनात हात जोडतो आणि निघून जातो. नव्या पद्धतीचं पर्ल दाखवा. फाइलीच्या माथ्यावर ५.३६ किंवा त्यापुढची आवृत्ती मागितली की कडक तपासणी आणि इशारे दोन्ही आपोआप चालू होतात आणि फंक्शनला कंसात नावानिशी पॅरामीटर देता येतात. चुका पकडून सावरणारं ट्राय-कॅच ५.४० पासून प्रायोगिक राहिलेलं नाही. क्लासची नवी रचना ५.३८ मध्ये आली, पण ती अजून प्रायोगिक आहे हेही सोबत सांगा. कोड पर्लटायडी या मांडणी नीट करणाऱ्या साधनातून काढून मगच पडद्यावर आणा. ज्याने १९९८ सालची सीजीआय स्क्रिप्ट पाहून मत बनवलंय, त्याचं मत अशी दोन पानं कोड वाचून जितकं हलतं तितकं भाषणाने हलत नाही.

आणि पहिला तास नीट सांभाळा. विंडोजवर स्ट्रॉबेरी पर्ल, राकूसाठी राकूडोचा (राकू चालवणाऱ्या प्रोग्रामचा) इन्स्टॉलर, दोन्ही पेनड्राइव्हवर आधीच घेऊन जा. कॉलेजच्या वायफायवर तीस जणांनी एकदम डाउनलोड सुरू केलं की कार्यक्रम तिथेच बसतो. मॉड्यूल बसवणं पहिल्या दिवशी टाळा. सीपॅनवर दोन लाखांवर मॉड्यूल आहेत हे सांगायला छान वाटतं, पण नवख्याच्या यंत्रावर एखादं मॉड्यूल कंपायलर नाही म्हणून अडलं की त्याच्या लक्षात तेवढंच राहतं.

मराठीतून शिकण्याचं साहित्य सगळं नव्याने करायला बसू नका. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात पर्लची मालिका आधीच आहे, तिच्याकडे बोट दाखवा. तुमची ताकद तिथे लावा जिथे काहीच नाही: देवनागरी मजकूर पर्ल-राकूत कसा हाताळायचा याच्या छोट्या, चालणाऱ्या उदाहरणांसह मराठी नोंदी. गिटहबवरचं मुखपृष्ठ मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही ठेवा. गटाला रियाज हवा असेल तर मोहम्मद साजिद अन्वर चालवतात ते वीकली चॅलेंज मार्च २०१९ पासून चालू आहे. दर आठवड्याला दोन कोडी असतात आणि उत्तरं पर्ल, राकू किंवा हव्या त्या भाषेत देता येतात. त्यात नाशिकहून नियमित चार नावं दिसू लागली की या भाषांच्या जुन्या मंडळींना तुम्ही माहीत होता, आणि अडल्यावर कुणाला विचारायचं हा प्रश्न सुटतो.

पोस्टर, टी-शर्ट हौस म्हणून करा, हरकत नाही. पर्लची खूण बनलेला उंट छापण्याआधी मात्र परवानगी बघा. तो ओरायलीच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावरून आला आणि त्या चिन्हावर वर्षानुवर्षं त्यांचा ट्रेडमार्क राहिला आहे. राकूची कॅमेलिया ही रंगीबेरंगी फुलपाखराची आकृती लॅरी वॉल यांनीच केली आहे, पोरांना ती आवडते. रीलबद्दल माझं फारसं मत नाही. काल्यातून ‘स्थिती’ जुळतानाचं पंधरा सेकंदांचं दृश्य चालेल, बाकी नाचगाणं राहू द्या.

२७ फेब्रुवारीसाठी कुसुमाग्रज स्मारक किंवा सार्वजनिक वाचनालयाचं सभागृह मिळवायच्या खटपटीत पडू नका, त्या दिवसांत तिथे साहित्याच्या कार्यक्रमांची गर्दी असते. एखाद्या कॉलेजची लॅब आदल्या शनिवारी मागून घ्या, प्रिंटर आणि दोन एक्स्टेन्शन बोर्ड आपले न्या. आणि आमंत्रणात फाइलीबरोबर फाँटाचं नाव आणि त्याच मजकुराचं एक छापील पान आणायला सांगा. छापील पान नसेल तर आलेला शब्द बरोबर की चूक हे पडताळायला काहीच हातात राहत नाही, आणि फाँट कुठला हे ओळखण्यातच दुपार जाते.